आत कोण आहे, किती वाजता गेला: आगीच्या ठिकाणची कमांड आणि जवानांची सुरक्षितता

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगरपालिकेचं छोटं केंद्र, एक बंब, सहा माणसं आणि नुकतीच अंगावर आलेली स्टेशन ऑफिसरची जबाबदारी. वर्दीवर (आगीचा कॉल आलेल्या ठिकाणी) पोचलं की सगळेच होज, म्हणजे पाण्याचे पाइप, घेऊन आत धावतात. वरिष्ठ आले की दोन-दोन जण हुकूम सोडतात. मध्येच कुणी विचारलं की आत किती जण आहेत, तर प्रत्येकाचा आकडा वेगळा. हे सुधारायचं कुठून?

अधिकाऱ्याच्या हातापासून सुधारा. त्याच्या हातात ब्रँच (होजच्या टोकाचा नोझल) नको, शिडी नको, बीए सेटचा (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायच्या हवेच्या सिलिंडरचा आणि मास्कचा) पट्टा नको. वॉकी आणि पेन्सिल एवढंच हवं. सहाच माणसं असताना एक जण 'नुसता उभा' ठेवायचा हे जिवावर येतं, पण आत धूर भरला की आतल्या माणसाला चार फुटांपलीकडचं दिसत नाही. इमारतीच्या मागच्या खिडकीतून धुराचा रंग बदलतोय, भिंतीला तडा जातोय, टँकरमधलं पाणी संपत आलंय, हे फक्त बाहेर उभ्या असलेल्यालाच कळतं. अधिकारी आत गेला की त्या क्षणापासून घटनेवर कोणाचंही लक्ष नसतं.

पोचल्यावर पहिली दोन मिनिटं पाहणीची. शक्य असेल तर इमारतीला पूर्ण फेरी मारा. चाळीत किंवा गल्लीतल्या इमारतीत ते जमत नसेल तर एका जवानाला मागच्या बाजूला पाठवून त्याच्याकडून वॉकीवर माहिती घ्या. मग नियंत्रण कक्षाला पहिला संदेश. तो असा असावा: "तळमजला अधिक सात मजल्यांची निवासी इमारत. चौथ्या मजल्यावर एका फ्लॅटच्या दोन खिडक्यांतून ज्वाळा, काळा धूर. वरच्या मजल्यांवर माणसं अडकली आहेत. दोन जण बीए लावून जिन्याने आत जात आहेत. कमांड माझ्याकडे, मी मुख्य गेटवर. आणखी दोन बंब, एक टँकर, १०८ च्या दोन रुग्णवाहिका आणि वीज कंपनीचा माणूस पाठवा." काय दिसतंय, काय करतोय, काय हवंय, कमांड कोणाकडे आणि तो कुठे उभा आहे, हे सगळं त्यात आलं. 'मोठी आग आहे, गाड्या पाठवा' या संदेशातून येणाऱ्या माणसाला काहीच कळत नाही. आणि जादा मदत पहिल्याच संदेशात मागा. शेजारच्या पालिकेचा बंब वाटेतून परत पाठवता येतो. पण वीस मिनिटं उशिरा मागितला तर ती वीस मिनिटं कशानेही भरून निघत नाहीत.

आता सहा माणसांचा हिशेब. ड्रायव्हर-ऑपरेटर पंपावर. तो तिथून हलणार नाही, कारण आतल्यांचं पाणी त्याच्या हातात आहे. अधिकारी कमांडवर. राहिले चार. दोघं आत, दोघं दारात बीए सेट अंगावर चढवून तयार, फक्त मास्क लावायचा बाकी. हे बाहेरचे दोघं आतल्यांना काढण्यासाठी आहेत. त्यांना होज ओढायला किंवा गर्दी हटवायला लावलं की ती तयारी मोडली. म्हणजे दुसरा बंब येईपर्यंत एकच जोडी आत जाऊ शकते, त्याहून जास्त नाही. गाडीवर दोनच बीए सेट असतील, आणि अनेक छोट्या केंद्रांत परिस्थिती हीच असते, तर बाहेर राखीव जोडीच नाही. अशा वेळी खोलवर आत जाऊ नका. दारातून, खिडकीतून पाणी मारा. अपवाद एकच: आत जिवंत माणूस आहे हे पक्कं कळलंय, त्याची हाक ऐकू येतेय किंवा तो दिसतोय, आणि काही मिनिटांत त्याच्यापर्यंत पोचता येणार आहे. तो निर्णय अधिकाऱ्याने घ्यायचा आणि घेतलाय हे वॉकीवर बोलून दाखवायचं.

जोखमीचं माप यावरूनच ठरतं. वाचू शकणाऱ्या माणसासाठी मोठी जोखीम घ्यायची, मालासाठी थोडी, आणि जे गेलेलंच आहे त्यासाठी काहीही नाही. रात्री दोन वाजता बंद गोदामाला आग लागली आहे, वॉचमन बाहेर उभा आहे, आत माणूस नाही. तिथे जवानाला आत पाठवण्याचं कारणच उरत नाही, मालक कितीही विनवू दे. 'आत माणसं आहेत' असं गर्दी नेहमीच म्हणते. म्हणून कोण, कितव्या मजल्यावर, कोणत्या खोलीत, शेवटचं कधी पाहिलं, हे सांगणारा एक माणूस शोधा आणि त्याला कमांडच्या जागेपाशी थांबवून ठेवा.

पाण्याचाही हिशेब पहिल्या पाच मिनिटांतच करावा लागतो. ४,५०० लिटरच्या बंबावर मिनिटाला ४५० लिटर टाकणारी एक जेट चालवली तर दहा मिनिटांत टाकी रिकामी होते, दोन चालवल्या तर पाच मिनिटांत. होज रीलने (गाडीवरच्या बारीक पाइपने) मिनिटाला साधारण १०० लिटर जातात, म्हणजे तीच टाकी पाऊण तास पुरते, पण पेटलेल्या फ्लॅटला रील पुरत नाही. त्यामुळे जोडी आत पाठवण्याआधी पंप ऑपरेटरला विचारा: किती मिनिटं पुरेल, आणि पुढचा टँकर कधी? टाकी अर्धी झाली की त्याने न विचारता कळवायचं, पाव राहिली की आतल्यांना मागे घ्यायचं. हातात मारा नसलेली जोडी आत थांबवून ठेवू नये.

बीए सेटचं गणित मात्र सविस्तर सांगतो, कारण तिथे चूक झाली तर जीव जातो. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरला की त्यात २,०४० लिटर हवा असते. मिनिटाला ४० लिटर धरले तर कागदावर ५१ मिनिटं. या ५१ वर कोणीही विसंबू नये. धोक्याची शिटी साधारण ५५ बारला वाजते, म्हणजे शिटीपर्यंत वापरायला २४५ बार, १,६६६ लिटर, ४१ मिनिटं. आणि भरलेला होज खांद्यावर घेऊन चार मजले चढणारा जवान मिनिटाला ४० नाही, ६० लिटर किंवा त्याहून जास्त ओढतो. ६० ने भागलं की शिटी २७ मिनिटांनी वाजते, आणि शिटीनंतर उरलेल्या ३७४ लिटरमध्ये त्याच्याकडे सहा मिनिटं असतात. सिलिंडर २५० बारलाच भरलेला असेल तर शिटी २२ मिनिटांत. २४० बारच्या खाली असलेला सिलिंडर घेऊन कुणाला आत सोडू नका.

शिटी वाजल्यावर परत फिरायचं ही समजूत घातक आहे. शिटी वाजेल तेव्हा जवान बाहेर, मोकळ्या हवेत हवा. त्यासाठी परतीचा दाब आधी ठरवायचा. समजा जोडी २९० बारला आत गेली आणि आगीच्या फ्लॅटच्या दारात पोचली तेव्हा दोघांपैकी कमी दाब ज्याचा त्याचा काटा २३० वर आहे. जाण्यात ६० बार गेले. येण्यात ६० लागतील, येताना वाट चुकली किंवा जोडीदाराला धरून आणावं लागलं तर आणखी ३०, आणि शिटीचे ५५ राखीव. बेरीज १४५, म्हणजे १५० ला परत फिरायचं. काम अर्धवट राहिलं तरी फिरायचं. दुसरी जोडी तिथे पोचलेली असेल याची काळजी कमांडची. जोडीचा वेळ नेहमी जास्त हवा ओढणाऱ्यावरून ठरतो, अनुभवी माणसावरून नाही.

हे सगळं दारात बसलेल्या एका माणसाने लिहायचं असतं. छापील बीए कंट्रोल बोर्ड असेल तर उत्तम. नसेल तर शाळेची पाटी चालते. रकाने पाच: नाव, आत जाताना दाब, आत जाण्याची वेळ, शिटीची अंदाजे वेळ, काम कुठे. सेटला लावलेला नावाचा टॅली (ओळखपट्टी) जवानाने आत जाताना त्याच्याकडे द्यायचा आणि बाहेर येताना स्वतः परत घ्यायचा. टॅली दिल्याशिवाय कोणी आत जाणार नाही, अगदी विभागीय अधिकारी असला तरी. दर दहा मिनिटांनी बोर्डवाल्याने आतल्यांना दाब विचारायचा. उत्तर आलं नाही तर पुन्हा, तरीही नाही तर लगेच कमांडला. काँक्रीटच्या इमारतीत आणि तळघरात वॉकी हमखास दगा देते, म्हणून जिन्यात मधल्या मजल्यावर एक माणूस संदेश पोचवायला ठेवावा लागतो. आत दोन मार्गांनी प्रवेश असेल तर बोर्ड दोन, पण एका दाराने गेलेला दुसऱ्या दाराने बाहेर येणार नाही, आणि आलाच तर आधी आपल्या बोर्डला कळवेल. 'आत माणूस अडकला' म्हणून पुन्हा आत शिरलेल्या जोडीला तो माणूस मागच्या दाराने बाहेर येऊन पाणी पीत बसलेला आहे हे माहीत नसतं. असल्या शोधात जवानांचा जीव जाऊ नये, त्यासाठीच ही शिस्त.

अडचणीचा संदेश कसा द्यायचा याचा सराव केंद्रातच व्हायला हवा. 'मेडे' तीनदा, मग कोण, कुठे, काय झालं, किती दाब. हा शब्द कानी पडला की बाकी सगळ्यांनी वॉकीवर गप्प बसायचं. कमांडने दारातली राखीव जोडी आत सोडायची आणि त्याच क्षणी नवी राखीव जोडी उभी करायची. आग विझवणाऱ्यांनी आपली जागा सोडून शोधाला धावायचं नाही. त्यांचं पाणी थांबलं तर आग अडकलेल्याकडेच सरकते. सेटवरचं हालचाल थांबल्याचा इशारा देणारं यंत्र, जे साधारण अर्धा मिनिट जवान हलला नाही की ओरडू लागतं, ते अनेक ठिकाणी कटकट नको म्हणून बंद ठेवलं जातं. ते चालू आहे का, हे टॅली देतानाच तपासा.

उंच इमारतीत काही गोष्टी वेगळ्या. आगीच्या मजल्यावर लिफ्टने कधीच जायचं नाही. फायर लिफ्ट चालू असली तरी दोन मजले खाली उतरून जिन्याने वर जायचं, आणि माणसं, जादा सिलिंडर, होज यांचा साठाही त्याच खालच्या मजल्यावर. दोन जिने असतील तर कोणता मारा करायला आणि कोणता लोकांना उतरवायला, हे फ्लॅटचं दार उघडण्याआधी ठरवा. ज्या जिन्याकडे दार उघडेल त्या जिन्यात धूर वर चढतो आणि तिथे असलेली माणसं गुदमरतात. त्यामुळे आधी वरच्या मजल्यांपर्यंत जिना रिकामा आहे का ते पाहायचं, मग दार. वरच्यांना घरातच थांबवून दाराच्या फटीला ओली चादर लावायला सांगणं अनेकदा धुराच्या जिन्यातून उतरवण्यापेक्षा सुरक्षित ठरतं. रेफ्यूज मजला (आगीच्या वेळी लोकांनी थांबायला मोकळा ठेवलेला मजला) जवळ असेल आणि तिथवरचा जिना स्वच्छ असेल तर तिकडे न्यावं.

पाण्याच्या दाबात उंचीचा हिशेब विसरला जातो. दर दहा मीटरला एक बार जातो. ४५ मीटरवर नुसत्या उंचीचे ४.५ बार, ब्रँचला हवेत पाच ते सात, वर होजमधलं घर्षण. इमारतीचा वेट रायझर (मजल्यामजल्यावर पाणी नेणारा, कायम भरलेला उभा पाइप) नीट चालत असेल तर हा प्रश्न इमारतीच्या पंपाचा; पण महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे दर सहा महिन्यांनी 'ब' नमुन्यातलं (अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं) प्रमाणपत्र दिलेलं असूनही पंप सुरू न होणारी इमारत भेटते. त्यामुळे वरच्या लँडिंग व्हॉल्व्हवर (रायझरच्या मजल्यावरच्या नळावर) पाणी येतंय का हे एका जवानाने प्रत्यक्ष उघडून सांगेपर्यंत, त्या पाण्याच्या भरवशावर कोणालाही आगीच्या मजल्यावर पाठवू नका. रायझरच्या इनलेटला आपला पंप जोडायची तयारी तोवर खाली सुरू असावी.

गाड्यांची जागा ही कमांडची जबाबदारी आहे. पहिला बंब घाईने इमारतीच्या तोंडाशी लागला की शिडीच्या गाडीला जागाच उरत नाही. दर्शनी बाजू शिडीसाठी मोकळी ठेवा, येणाऱ्या गाड्या जवळच्या चौकात थांबवा आणि बोलावल्यावरच आत घ्या. सोसायटीच्या आवारात शिडीच्या गाडीचे जॅक टेकवण्याआधी जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे ते वॉचमनला विचारा. तिच्या स्लॅबवर जॅक टेकला तर स्लॅब खचतो आणि माणसांसकट शिडी कलंडते. वरून जाणाऱ्या वीजतारांचंही तसंच.

आतून मारा आणि बाहेरून मारा एकाच वेळी होऊ देऊ नका. आत जोडी असताना बाहेरून त्याच खिडकीत जेट सोडली की वाफ आणि ज्वाळा आतल्यांच्या अंगावर जातात. बाहेरून पाणी टाकायचं असेल तर आधी आतल्यांना बाहेर घ्या, बोर्डवर मोजा, मग कमांडचा हुकूम, मग पाणी. खिडक्या फोडण्यालाही हाच नियम, कारण काच फुटली की आगीला हवा मिळते आणि धुराची वाट बदलते. बंद खोलीच्या फटींतून धूर आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा होत असेल, काचा काळ्या आणि तापलेल्या असतील पण ज्वाळा दिसत नसेल, तर दार उघडलं की आतला वायू एकदम पेटतो. तिथे दाराशी कोणालाही उभं करू नका.

कोसळण्याचा धोका आपल्याकडच्या जुन्या लाकडी इमारतींत सगळ्यात मोठा. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीच्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार अधिकारी गमावले. अशा इमारतींत लाकडी तुळया आतून जळत असतात आणि वरून आपणच वजन वाढवत असतो. मिनिटाला ४५० लिटरच्या दोन जेट दहा मिनिटं चालल्या तर नऊ टन पाणी आत गेलं. ते जिन्याने, भिंतींतून बाहेर येताना दिसत नसेल तर ते मजल्यावर किंवा कापडाच्या गठ्ठ्यांत साठतंय. गिलावा गळणं, दारं चौकटीत घट्ट बसणं, फरशी मधोमध दबणं, भिंतीला फुगा येणं, करकर आवाज: यातलं एकही दिसलं की आत काय जळतंय याचा विचार न करता माघार. लोखंडी सांगाड्याच्या शेडमध्ये वेळ आणखी कमी, कारण साधारण ५५० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद निम्मी होते आणि शेडच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) एकदम बसतात.

इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतर मोकळं ठेवावं असं शास्त्र सांगतं. काळबादेवीसारख्या गल्लीत ते अशक्य. तिथे माणसं आणि गाड्या इमारतीच्या कोपऱ्यांच्या तिरप्या रेषेत ठेवा; भिंत बहुधा तोंडासमोर पडते, कोपऱ्याकडे कमी. माघारीचा इशारा एकच आणि सगळ्यांना पाठ असलेला हवा: सर्व गाड्यांचे हॉर्न सलग वाजवणं सगळ्यात सोपं. इशारा झाला की होज जिथे आहे तिथे टाकून बाहेर यायचं. होज गुंडाळायच्या नादात माणूस आत राहतो.

कमांड एकाच वेळी एकाचीच असते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गठ्ठ्यांना आग लागली तेव्हा त्याच जहाजात स्फोटकं होती. जहाज जागीच बुडवायचं की बाहेर न्यायचं, यावर तिथल्या वेगवेगळ्या अधिकाऱ्यांचं एकमत झालं नाही, अखेरचा हुकूम कोणाचा हेच ठरलं नाही, आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. मुंबई दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतो तो त्यांच्यासाठी.

त्यामुळे वरिष्ठ आले म्हणून कमांड आपोआप त्यांच्याकडे जात नाही. त्यांनी आधी समोरासमोर उभं राहून ऐकायचं: आग कुठे, आत कोण आणि किती वाजता गेलं, पाणी किती, काय मागवलंय, कोणता धोका दिसलाय. मग 'कमांड मी घेतली' हे वॉकीवर सगळ्यांना सांगायचं. ते सांगेपर्यंत हुकूम जुन्याच अधिकाऱ्याचा. घटना मोठी झाली की एका अधिकाऱ्याखाली थेट पाचाहून जास्त जण ठेवू नका. मजल्याप्रमाणे किंवा बाजूप्रमाणे विभाग पाडा आणि वॉकीवर माणसाचं नाव न घेता 'चौथा मजला', 'मागची बाजू' असं बोला. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिममध्ये (घटनास्थळी कोणाची कोणती जबाबदारी हे ठरवणाऱ्या पद्धतीत) सुरक्षा अधिकारी हे स्वतंत्र पद आहे. ते नावापुरतं भरू नका. त्या माणसाकडे दुसरं कुठलंच काम नको आणि जीवघेणा धोका दिसला तर कमांडला न विचारता काम थांबवण्याचा अधिकार हवा. आपल्याकडे ज्येष्ठांपुढे 'थांबा' म्हणायला कनिष्ठ कचरतो. म्हणून हा अधिकार त्याला सगळ्यांसमक्ष द्यायचा. नगरसेवक, आमदार, पत्रकार यांच्याशी बोलायला वेगळा माणूस नेमा आणि कमांडच्या जागेभोवती दोरी बांधा.

ज्वाळा विझल्या की सगळे ढिले पडतात आणि मास्क काढतात. ढिगारा उपसताना कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. मीटर ३५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ३५) वर दाखवत असेल तर मास्क राहू द्या. मीटरच नसेल तर मास्क काढायचाच नाही. मे महिन्यातल्या मुंबईच्या दमट उकाड्यात पूर्ण गणवेशात काम करणाऱ्याचं शरीर आतून शिजत असतं. एक मोठा सिलिंडर संपवलेल्या माणसाला किमान वीस मिनिटं सावलीत, जॅकेट उघडून, पाणी देऊन बसवा, नाडी मोजा, आणि ती खाली आलेली नसेल तर पुन्हा आत सोडू नका. 'मी ठीक आहे' हे त्याचं म्हणणं मोजमापात धरू नये.

गटार आणि सेप्टिक टँकच्या वर्दीला हाच बोर्ड, हीच जोडी, हीच राखीव माणसं लागतात, पण तिथे आधी मीटर दोरीला बांधून खाली सोडायचा: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर, किंवा ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या दहा टक्क्यांच्या वर असेल तर सेट, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) आणि ट्रायपॉडशिवाय (माणूस वर ओढायच्या तिपाईशिवाय) कोणीही उतरणार नाही. खाली पडलेला पहिला माणूस पाहून मागोमाग उतरणारे दुसरा आणि तिसरा मृतदेह होतात.

परतताना गाडीत बसण्याआधी टॅली आणि नावं ताडून पाहा, रिकामे सिलिंडर वेगळे ठेवा आणि केंद्रावर पोचल्यावर त्याच दिवशी भरून घ्या. बोर्डची पाटी पुसण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढा. कोणी किती वेळात किती हवा ओढली हे त्यात असतं, आणि पुढच्या वर्दीला कोणाच्या जोडीला कोण द्यायचं ते त्यावरून ठरवता येतं.